डायनॅमो बिचारा निर्दोष निघाला

आज दुपारी कूलरसमोर पडायचं सोडून मित्राच्या जुन्या जावा मोटरसायकलच्या वायरिंगमध्ये घुसलो. म्हैसूरची २५० सीसी, ६ व्होल्टवाली. रंग एकदम झक्कास, पण हेडलाइट म्हणजे निव्वळ निरांजन. ज्याला दाखवावी तो म्हणे, "भाऊ, डायनॅमो गेला." म्हणजे वीज तयार करणारा भागच.

मी आधी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला. लाइट चालू ठेवून एक प्रोब बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला (चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या), दुसरा बल्ब-होल्डरच्या बॉडीला. इथं आकडा जवळपास शून्य हवा. निघाला एक व्होल्टच्या वर! म्हणजे अर्थचा जोड खराब, तेवढं व्होल्टेज बल्बपर्यंत पोचतच नव्हतं. १२ व्होल्टच्या गाडीत असं बरंचसं खपून जातं. पण ३५ वॅटच्या बल्बला तिथं ३ अँपिअर पुरतात, इथं ६ च्या आसपास लागतात. म्हणजे तशाच खराब जोडावर दुप्पट व्होल्टेज वाया, आणि मुळात हाती असतात निम्मेच.

कारण? नवा रंग. चेसिसवर अर्थचा बोल्ट बसतो तिथंही जाड कोट मारलेला. पॉलिश पेपरनं लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. (चेसिस रंगवणाऱ्यांनो, तेवढी जागा मास्किंग टेपनं झाका रे बाप्पा!)

संध्याकाळी अंधारात नागपूरच्या फुटाळा तलावापर्यंत चक्कर झाली. हॉर्न मात्र अजून कधी वाजतो, कधी नाही. स्विचचा कॉन्टॅक्ट पुढच्या रविवारी.