पहिलीतली शंभर मुलं दहावीत किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडची माणसं भेटली की हाच प्रश्न येतो: "सर, शाळांचं नियोजन गणितानं कसं करणार?"

समजा, पहिलीत १०० मुलं आली आणि दरवर्षी ९५ टक्के वरच्या वर्गात गेली. ऐकायला बरं वाटतं. पण दहावीपर्यंत नऊदा वर्ग बदलतो, आणि उरतात ६३. आता बाकी सगळीकडं ९८ टक्के धरा, फक्त सातवीतून आठवीत जाताना ८०. दहावीत ६८. आकडे जवळपास सारखेच, दुखणं मात्र वेगळं. दुसऱ्या हिशोबात तेवढी एक जागा ९८ वर आणली तर ६८ चे ८३ होतात! आपल्याकडं कितीतरी गावांत शाळा सातवीला संपते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या वाडीवरनं हायस्कूल गाठायचं, तेही त्या पावसात. तिथं नव्या खोलीआधी शाळेच्या वेळेला बस हवी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिक्षकांचंही तसंच. किती शिकलेली माणसं पुढं लागतील, हे १९६० च्या दशकात यान टिंबर्गेनसारखे अर्थतज्ज्ञ अख्ख्या देशासाठी मांडत होते. आपल्याला जिल्ह्यापुरतं मांडायचंय, पण मराठी, कन्नड अशा प्रत्येक माध्यमाचा रकाना वेगळा ठेवून. नाहीतर जिल्ह्याच्या बेरजेत शिक्षक पुरेसे दिसतात आणि मराठी शाळेत गणिताला कुणीच नसतं. डीएडला दोन वर्षं जातात. सहा वर्षांनी पहिलीत येणारी मुलं यंदा जन्मलीत, त्यांची नोंद आजच मिळते. मग वाट कशाची बघायची?

लहान शाळेत मात्र टक्केवारी जपून वापरावी. पाच मुलांच्या वर्गातलं एक पोर आईवडिलांबरोबर गोव्याला गेलं की २० टक्के गळती दिसते. अशी दहा-बारा गावं एकत्र धरूनच दर काढावा.

आणि पट घटला म्हणून शाळा बंद करायचं घाटत असेल, तर एक गोष्ट नक्की बघा. शाळा उठली की अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की पुढं जाणाऱ्या मुलांचा दरच बदलतो. जुना दर घेऊन नवा हिशोब जुळत नाही. अधिकाऱ्यांना सरळ विचारा: शाळा उठल्यावरचा दर तुम्ही किती धरलाय?