खुडूक तांबडीच्या पोटाखाली दहा पिल्लं

पाटण तालुक्यात जुलैचा पाऊस लागला की लाईटचा भरवसा नसतो. डोंगरात कुठंतरी तारेवर झाड पडतं आणि वाड्याच्या वाड्या अंधारात जातात. नेमक्या अशा दिवशी आमच्या बचत गटाची वनराजा या सुधारित जातीच्या कोंबड्यांची पिल्लं टेंपोतून आली. एका दिवसाची. खोक्यात 100, चार कप्प्यांत पंचवीस-पंचवीस.

मी उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातली पशुसखी, म्हणजे गावातल्या बायकांना कोंबड्या-शेळ्या सांभाळायला मदत करणारी. पिल्लं घरोघर वाटून झाली की पहिला आठवडा माझा जीव टांगणीला असतो, कारण या वयात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. त्याला भोवताली साधारण 35 अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी केली तरी चालते. बल्ब असेल तर काम सोपं. त्या संध्याकाळी बहुतेकींनी कोळशाच्या शेगडीवर भागवलं. पण गटातल्या सगळ्यात लहान सुनेचं घर एका खोलीचं, तान्हं बाळ पाळण्यात. तिथं शेगडी रात्रभर ठेवणं मला मान्य नव्हतं. कोळशाचा धूर माणसालाही मारतो.

तिची दहा पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून ओरडत होती. पोट भरलेलं, ऊब मिळालेलं पिल्लू बारीक चिवचिवतं. गारठलेलं पिल्लू लांब, टोकदार ओरडतं आणि थांबत नाही. तो आवाज ऐकताना मला आक्कांची तांबडी आठवली, अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी.

आक्का दोन घरं सोडून राहतात. त्यांची तांबडी अंड्यांवर बसून 21 दिवस कधीच उलटले होते, पण एकही अंडं फुटलं नव्हतं. फुटणार तरी कसं? कोंबडा उन्हाळ्यातच मुंगसानं नेलेला. मी बॅटरीवर धरून पाहिली होती, एकाही अंड्यात रक्ताच्या शिरांचं जाळं नव्हतं. तरी ती उठायला तयार नव्हती. तुरा फिका पडला होता, अंग हलकं झालं होतं. घरात तिला पाण्यात बुडवून काढायची, नाकात पीस घालायची बोलणी चालली होती. खुडूक मोडायचे हे प्रकार मला पाहवत नाहीत. वनराजा, गिरिराज या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसतच नाहीत. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून निवड करताना तो गुणच मागं पडत गेला. त्यांची पिल्लं वाढवायला आपली गावठी कोंबडीच लागते, आणि तिलाच आपण बादलीत बुडवतो.

आक्का मात्र ऐकेनात. "न्हाय बाय. मागल्या साली थोरल्या जावंनं भर दुपारी परकी पिल्लं सोडली हुती कोंबडीम्होरं. एकाचं डोस्कं फोडलं तिनं. ह्या दुसऱ्याच्या जिवाचं पाप मला नगं."

"आक्का, दुपारी सोडलेली पिल्लं तिला परकीच दिसणार. आपण रात्री घालू. मी हितंच बसते."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग चुलीतली राख आणायला उठल्या. राख मी मागितली नव्हती. खुराड्यात पेंढा बदलताना खाली राख पसरायची, म्हणजे उवा-पिसवा कमी होतात, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

अंधार पडायच्या आत मी तांबडीची परीक्षा घेतली. हात नेला की पिसं फुलवून फुगली, घशातून गुरगुरली, बोटावर चोच हाणली, पण जागा सोडली नाही. छातीखाली हात घातला तर पिसं गळून कातडी उघडी पडलेली आणि चांगली तापलेली. कोंबडीच्या अंगात तसेही 41 अंश असतात, आणि ही उघडी कातडी ती ऊब थेट अंड्याला देते. नुसती दोन-चार दिवस बसलेली कोंबडी असती तर मी हे केलं नसतं. ही पुरती मुरलेली होती.

सगळी वाडी निजल्यावर बॅटरीवर फडकं गुंडाळून आम्ही खुराड्याशी बसलो. आधी मागच्या बाजूनं दोन अंडी काढून घेतली, अलगद, कारण इतक्या दिवसांचं अंडं हातात फुटलं तर वास आठवडाभर जात नाही. त्या जागी एक पिल्लू सरकवलं. तांबडी हलली, मान वळवली. पिल्लू पोटाखालून ओरडलं. दोन-तीन वेळा तोच लांब आवाज, मग बारीक चिवचिव, मग काहीच नाही. आणि तांबडीच्या घशातून हळू, खालच्या पट्टीतलं "कुट, कुट" सुरू झालं. तोवर ती फक्त गुरगुरत होती. आक्कांनी माझा दंड धरला.

मग दोन-दोन करत बाकीची घातली आणि तितकी अंडी काढत गेले. दहा पिल्लं तिच्या पंखांत सहज मावली. गावठी कोंबडी दहा-बारा नीट झाकते, त्याहून जास्त घातली तर कडेची गारठतात.

खरी कसोटी उजाडल्यावर होती. रात्री ती आवाज आणि स्पर्श ओळखते, सकाळी डोळ्यांनी बघते. मी फटफटायच्या आधी जाऊन बसले. वनराजाची पिल्लं एका रंगाची नसतात, त्यात एक काळंभोर होतं. पिवळी, तपकिरी पिल्लं तिनं चोचीनं हलकेच चाचपली. काळं समोर आलं तसं मानेवर धरून झटकलं. मी लगेच हाताचा पंजा मध्ये घातला आणि दोन्ही टोचा माझ्या हातावर घेतल्या. चाचपणारी चोच आणि मारणारी चोच यांत फरक असतो. मारणारी डोक्यावर नाहीतर मानेवर पडते आणि पीस धरून ओढते.

काळं बाहेर काढून घ्यावं असं आक्कांचं म्हणणं पडलं. मला ते पटेना. एकटं पिल्लू ऊब कुठून आणणार? त्याला पुन्हा मागच्या बाजूनं पंखाखाली सारलं, वर डालगं पालथं घातलं आणि त्यावर पोतं टाकलं. दिवसभर त्यांना अंधारातच ठेवलं. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक उरलेला असतो, त्यावर पहिले दोन-तीन दिवस निघतात, म्हणून उपासाची धास्ती नव्हती. तरी मधूनमधून पोतं उचलून उथळ ताटलीत खडे घालून पाणी आणि कणी ठेवत होते. खडे अशासाठी की पिल्लू पाण्यात पडून भिजू नये.

दिवे लागायच्या वेळी डालगं काढलं. तांबडी उठली, पाय झाडले, ताटलीशी गेली. कणी चोचीत घेतली, खाली टाकली, पुन्हा उचलली आणि भराभर "टुक टुक टुक" करू लागली. दहाही पिल्लं धावली. काळं तिच्या चोचीखालीच घुसलं आणि तिनं टाकलेला दाणा त्यानं उचलला. त्या टुकटुकीनंतर मला काळजी उरली नाही. कोंबडी खायला बोलावते ती आपल्याच पिल्लांना.

दुसऱ्या दिवशी गटातल्या आणखी दोघी आपापली चार-चार पिल्लं घेऊन आल्या. मी नाही म्हणाले. त्यांना राग आला, पण तांबडीला आता तिची दहा ठाऊक झाली होती आणि नव्या पिल्लांचं तिनं काय केलं असतं हे काळ्यानं दाखवलं होतं.

मानमोडी रोगावरच्या लासोटा लशीचा थेंब पिल्लांच्या डोळ्यात घालायला सातव्या दिवशी मी गेले, तीही रात्रीच. दिवसा ती कुणाला पिल्लांना हात लावू देत नव्हती. घारीवरसुद्धा धावायची. सहा पिल्लं सुनेची, चार आक्कांची, असा वाटा ठरला. आक्कांना काळं पाहिजे होतं, ते त्यांना मिळालं.

आता गटात नवं खोकं मागवायचं ठरलं की मी आधी घरोघर फिरून कुणाची कोंबडी खुडूक बसलीय ते विचारते. तिचे दोन आठवडे कधी भरतात ते बघते आणि पिल्लांची तारीख त्यावर ठरवते.