हळदीच्या दिवशी बसवलेला ड्रॉप

डीजेच्या गाडीवाल्या नानांची तक्रार एका वाक्याची होती. "भाऊ, गानं ते चांगलं शे, पन ठोका बठस नही." पारोळ्याकडच्या एका गावात त्याच संध्याकाळी हळद होती. नवरदेवाच्या चुलतभावांनी खास हळदीसाठी अहिराणी गाणं करून घेतलेलं. हेडफोनवर ते दणदणीत वाजायचं, पण गाडीवर ड्रॉप, म्हणजे सगळा ठेका एकदम पडतो ती जागा, आला की जोर निघून जायचा. मिक्सिंग हेच माझं रोजचं काम. लॅपटॉप घेऊन जळगावहून सकाळीच निघालो.

गाडी जिनिंगच्या मोकळ्या आवारात उभी होती. मे महिन्याचं ऊन, म्हणून शेडखाली खाट टाकून तिथेच बसलो. प्रोजेक्ट एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि बिल्डअप, म्हणजे ड्रॉपच्या आधीचा चढता भाग, बघूनच अर्धं कोडं सुटलं. आठ बारभर (बार म्हणजे चार ठोके) रायझर म्हणजे चढत जाणारा आवाज, स्नेअर ड्रम, टाळ्या, गायिकेच्या आवाजाचे तुकडे, आणि खाली किक, म्हणजे जाड ढोलाचा ठोका, चालूच. मास्टरवरचा लिमिटर, म्हणजे सगळ्या गाण्याचा आवाज मर्यादेत अडवणारा, बिल्डअपमध्येच पूर्ण दाबलेला. मग ड्रॉपला वर जायला जागा कुठली? मोठा आवाज मोठा वाटतो तो आधीच्या आवाजाच्या तुलनेत. म्हणून ड्रॉपचं निम्मं काम त्याच्या आधी करायचं असतं, आणि ते बरंचसं काढून घेण्याचं असतं.

किक शेवटच्या चार बारांतून काढली. बिल्डअपच्या सगळ्या ट्रॅकवर खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर लावून तो हळूहळू 300 हर्ट्झपर्यंत चढवला, आवाज तीन डेसिबलने उतरवला. खालचा भाग असा निघून गेला की ऐकणाऱ्याला नेमकं काय गेलं ते कळत नाही, पण पोटात पोकळी जाणवते.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. हाऊस संगीतात साधारण मिनिटाला 128 ठोके, आणि प्रत्येक ठोक्याचे सरळ चार भाग. स्नेअर रोल तिथे एक, दोन, चार असा दुप्पट होत जातो. हे गाणं 110 च्या लयीचं, आणि आपल्या बऱ्याच हळदीच्या गाण्यांसारखा ठोक्याचा तीन भागांत झोका असलेलं. त्यावर कुणीतरी तयार लूपमधला चार भागांचा रोल चिकटवला होता. पाय तीनवर, स्नेअर चारवर. नाचणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण त्याचा पाय अडखळतो. तो रोल काढला आणि नव्याने लिहिला: आधी ठोक्याला एक, मग तीन, शेवटी सहा. शेवटच्या बारात तबलजी तिहाई घेऊन समेवर, आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, येतो तशी तीनदा तीच बोलपंक्ती वाजवली. सम कुठे पडणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळायला हवं. माझ्या मते चांगला ड्रॉप दचकवत नाही, वाट बघायला लावतो आणि नेमका वेळेवर येतो.

समेच्या आधीचा एक ठोका वाद्यांपासून पूर्ण रिकामा ठेवला. 110 च्या लयीत तो अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची, शेपटीही तिथे कापली, नाहीतर ती शांतता भरून जाते. त्या जागेत फक्त गायिकेचं "हां!" राहिलं.

तरीही गाडीवर पहिल्यांदा वाजवलं तेव्हा पोट हललं नाही. मी बेसच्या पेटीजवळ जाऊन हात धरला. 18 इंची स्पीकरचा कोन भलताच पुढेमागे होत होता, वारा लागत होता, पण आवाज नव्हता. गाण्याची पट्टी पांढरी सहा, आणि सब-बेस, म्हणजे सगळ्यात खोल सूर, खालच्या सप्तकात, 27.5 हर्ट्झवर लिहिलेला. चांगल्या हेडफोनमध्ये तो ऐकू येतो. गाडीवरच्या बहुतेक पेट्या 40 च्या खाली फारसं काही देत नाहीत, नुसती ॲम्प्लिफायरची ताकद जाते. सब एक सप्तक वर, 55 वर आणला. तो स्टिरिओत पसरवलेला होता, तो मोनो केला, कारण डाव्या-उजव्या बाजूचे खोल सूर एकत्र आले की एकमेकांना खाऊ शकतात. किक पडताना सब क्षणभर दबेल असं साइडचेन लावलं. ड्रॉपच्या पहिल्या बारात किक, सब आणि गाण्याची मुख्य धून, एवढंच ठेवलं. सुंदरीसारखा (छोट्या सनईसारखा) वाजणारा लीड सूर चौथ्या बारानंतर आणला.

पुन्हा वाजवलं. शेडचे पत्रे थरथरले आणि जनरेटरजवळ बसलेली पोरं उठून आली. नाना म्हणाले, "आते बठना!"

संध्याकाळी हळद लागल्यावर गाणं पाचव्या क्रमांकाला लागलं. रिकाम्या ठोक्यात नवरदेवाची मावशी आणि तिच्याबरोबरच्या बायांनी सगळ्यांनी मिळून "हां!" दिलं. ते मी लिहिलेलं नव्हतं. ऐकून अंगावर काटा आला. दहाच्या आत गाडी बंद करायची होती, तेवढ्यात पोरांनी तेच गाणं पुन्हा लावायला लावलं.

नानांच्या भाच्याच्या गाडीवर 15 इंची बेस आहेत. त्याला हीच फाइल चालणार नाही, म्हणून सब आणखी वर आणून वेगळी फाइल करायला घेतली आहे. त्यात त्या बायांचं "हां!"ही रेकॉर्ड करून घालणार आहे, त्यांनी हो म्हटलं तर.