हरकत क्रमांक दोन

समुद्रात पवनचक्क्या येणार हे कळलं तेव्हा माझा विरोध एकाच गोष्टीला होता: क्षितिज बिघडणार. त्या रागात दोन पानी हरकत लिहून दिली. उत्तर आलं, 'नोंद घेतली.' बस्स.

चिडून पर्यावरण आघात अहवाल उघडला. सारांश गुळगुळीत, खरा माल परिशिष्टांत. पायाचे अजस्र पोलादी खांब हातोड्याने समुद्रतळात ठोकतात आणि तो आवाज सागरी सस्तन प्राण्यांना दूरवर त्रास देतो. जर्मनीत 750 मीटरवर 160 डेसिबलची मर्यादा आहे, त्यासाठी खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. आमच्या अहवालात काय, तर 'योग्य उपाययोजना'.

मासेमारीचा नकाशा पाहून मात्र मी थबकलो. चक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणारी केबल जिथून जाणार तो पट्टा जवळपास कोरा! छपाईची चूक असेल म्हणून दोन मच्छीमारांना दाखवला. ते हसले. नकाशा बोटींवरच्या उपग्रह-यंत्रणेच्या नोंदींवरून केलेला, आणि त्यांच्या लहान होड्यांवर ते यंत्रच नाही. म्हणजे कागदावर तिथे कोणी मासे धरतच नव्हतं. एकाने पेन घेऊन जाळी कुठे, कोणत्या महिन्यात टाकतात ते आखलं. केबल पुरेशी खोल पुरली नाही तर जाळं अडकतं, जाळ्याबरोबर होडीही धोक्यात येते. तीन संध्याकाळी आम्ही तेच करत बसलो.

दुसऱ्या हरकतीत क्षितिजावर एक ओळ, बाकी सगळे प्रश्न. आमच्याच गटातले काही म्हणाले, मी फितूर झालो. त्यांना अमेरिकेतला केप विंड हवा होता: 2001 मध्ये मांडलेला, 130 चक्क्यांचा, 2017 मध्ये गुंडाळलेला. मी कोपनहेगनजवळच्या मिडलग्रुंडेनचा दाखला दिला. तिथे हरकतींनंतर 27 चक्क्यांच्या 20 झाल्या, तीन रांगांऐवजी एक कमान झाली. पुढे निम्मा प्रकल्प सहकारी संस्थेच्या मालकीचा झाला. टाळ्या अर्थातच केप विंडला.

जनसुनावणीत प्रत्येकी तीन मिनिटं. मी फक्त तो पेनने आखलेला नकाशा वर धरला. व्यासपीठावरून पहिल्यांदाच कुणीतरी उलट प्रश्न विचारला: हे कोणत्या महिन्यांतलं? उत्तर मला येत नव्हतं. मागच्या रांगेतला मच्छीमार उठून बोलायला लागला, त्याची तीन मिनिटं कधीच संपली होती, पण त्याला कोणी थांबवलं नाही.

केबलच्या मार्गाचा फेरविचार सुरू आहे. चक्क्यांची संख्या तीच आहे.