पाडव्याची सकाळ, तीन मीटरवरून

रविवार, ३० मार्च २०२५, रात्र

पाय ठणकतायत, कार्डावरचे १६८ फोटो लॅपटॉपवर उतरवून झालेत आणि झोपेने डोळे मिटतायत. पण आज लिहिलं नाही तर उद्या ऑफिसच्या गडबडीत निम्मं विसरायला होईल, म्हणून बसलेय.

पहाटे पाचला उठले. आई म्हणत होती गुढी उभारून मग जा, पण पाडव्याची स्वागतयात्रा सकाळीच निघते आणि मला ती निघताना गाठायची होती. शेवटी तिला म्हटलं, तू आणि दादा उभारा, मी नैवेद्याच्या वेळेला नक्की येते. तिने काही न बोलता कडुलिंबाची पानं आणि गूळ तळहातावर ठेवला, तोंडात टाकलं आणि निघाले. ठाण्यात जांभळी नाक्यावर झेंडूचे ढीग लागले होते, साखरेच्या गाठी टांगलेल्या, आणि कौपिनेश्वराच्या मंदिराबाहेर एवढ्या पहाटेसुद्धा पाय ठेवायला जागा नाही. तलावपाळीच्या पाण्यावरून गार वारा येत होता, तेवढाच काय तो दिवसभरातला गारवा.

ही स्वागतयात्रा मी लहानपणापासून बघतेय असं मला वाटायचं, पण तसं नाहीये. पहिली निघाली डोंबिवलीत, १९९९ साली, आणि मग ठाणे, गिरगाव करत सगळीकडे पसरली. म्हणजे मी तेव्हा चांगली कॉलेजात होते. आता पाडवा म्हटलं की यात्रा हवीच, जणू कायमचीच आहे.

गेल्या वर्षीपर्यंत मी डीएसएलआर आणि ७०-२०० ची जाडजूड लेन्स घेऊन जायचे. डिव्हायडरवर चढायचं आणि लांबून एकेकाला खेचून घ्यायचं, नथ, फेटा, बुलेटवरच्या नऊवारीतल्या बायका, तलवार फिरवणारी मुलगी. फोटो चांगले यायचे, लाइक्सही मिळायचे, पण एक दिवस सगळे लागोपाठ बघितले तर लक्षात आलं की एकाही फोटोतला माणूस मला भेटलेला नाही. ते मनात राहिलं. म्हणून सहा महिन्यांपूर्वी बरेच पैसे साठवून सेकंडहँड लायका घेतला, एम टाइप २४०, २४ मेगापिक्सेलचा, आणि त्याला एकच ३५ एमएम लेन्स. झूम नाही, ऑटोफोकस नाही. लोकांना लायका म्हटलं की नुसती किंमत आठवते. खरं तर हा रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतून बघून हाताने फोकस जुळवायचा कॅमेरा, आणि तसला डिजिटल पहिला काढला तो लायकाने नाही, एप्सनने, २००४ साली, आर-डी१ नावाचा, ६ मेगापिक्सेलचा, आणि त्यात प्रत्येक फोटोनंतर जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखी अंगठ्याने लिव्हर ओढायला लागायची. लायकाचा एम८ त्यानंतर, २००६ मध्ये आला.

यात बघायचं लेन्समधून नसतं. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं, आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या खिडकीतून येणारं चित्र मधोमध एका उजळ चौकोनात पहिल्यावर पडतं. सकाळी नाक्यावर एक आजोबा गुढी घेऊन उभे होते, जरीचा खण, वर तांब्या, आणि त्या चौकोनात त्यांच्या काठ्या दिसत होत्या दोन. रिंग हळूहळू फिरवत गेले तशी दुसरी काठी सरकत सरकत पहिलीवर येऊन बसली, एकच झाली, आणि तेव्हाच बटण दाबलं. एवढंच आहे फोकस करणं. पण त्या दोन काठ्यांची एक होते ना, तो क्षण मला दर वेळी आवडतो, कितीही वेळा केलं तरी.

चालत्या यात्रेत मात्र प्रत्येक वेळी एवढं जुळवत बसलं तर माणूस पुढे निघून जातो. त्यासाठी अंतर आधीच बांधून ठेवायचं. मी लेन्सचं तोंड बारीक करून एफ ८ ठेवलं, फोकस तीन मीटरवर, म्हणजे साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत जे येईल ते शार्प. मग काम उरतं ते फक्त तीन मीटरवर जाऊन उभं राहण्याचं. आणि तीन मीटर म्हणजे किती, तर आमच्या हॉलमध्ये सोफ्यापासून टीव्हीपर्यंत. एवढ्या जवळ गेलं की समोरचा माणूस तुमच्याकडे बघतोच. कॅमेरा उजव्या डोळ्याला, डावा डोळा मोकळा, म्हणजे अर्धा चेहरा त्यालाही दिसतो. काही जण हसले, एका काकूंनी औक्षणाचं तबक हातात असताना "अगं थांब, पदर नीट करू दे" म्हणून मला थांबवलं. ७०-२०० ला असं कधी कोणी थांबवलं नव्हतं.

एक वाईट झालं ते लिहूनच ठेवते. पालखीचे पहिले सात फोटो काळे आले. लेन्सची कॅप काढलीच नव्हती, आणि खिडकीतून तर सगळं स्वच्छ दिसत होतं, फुलं, चवऱ्या, भोई, सगळं. खिडकीत उजेड कमी असल्याचा लाल बाण पेटला असणार पण मी पालखीकडे बघत होते. लक्षात आलं तेव्हा पालखी पुढे गेली होती आणि मला खरंच रडू यायचं बाकी होतं. कॅप काढून बॅगेच्या तळाशी टाकली, आता दिवसभर ती वर येणार नाही अशी.

तिथून दगडी शाळा, गजानन महाराज चौक, हरिनिवास सर्कल करत करत गोखले रोडला आले. चित्ररथ होते, सायकलवाले होते, योगासनं करणारी मुलं होती, सगळं सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते ढोलपथकाचं.

पथकाला दोन्ही बाजूंनी दोरी धरलेली. आत पाच-सहा रांगा ढोल, पुढे ताशे, सगळ्यात पुढे ध्वज. मी दोरीच्या बाहेरून एका मुलीवर लक्ष ठेवून होते, असेल सतरा-अठराची, बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तर्जनीच्या पट्टीवर थोडं लाल आलेलं. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थाप, आणि थाप पडली की ढोलाच्या पानावर सांडलेला गुलाल जागच्या जागी उडायचा. तो उडालेला गुलाल आणि तिचा हात, एवढाच फोटो मला हवा होता.

आता या खिडकीची एक गंमत आहे. तिच्यात फोटोची चौकट पांढऱ्या रेघांनी दिसते, पण रेघांच्या बाहेरचंही दिसत राहतं. डीएसएलआरमध्ये फोटोच्या बाहेरचं जग नसतंच. इथे मात्र कोण येतंय, कोण जातंय, कुणाचा फुगा आता रेघेच्या आत घुसणार, सगळं आधीच कळतं. तर मी त्या मुलीला चौकटीत धरून थांबलेय, आणि डाव्या रेघेच्या बाहेर एक गृहस्थ. साधा चौकड्याचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात मुलीच्या चपला. दोरीच्या बाहेरून पथकाच्या चालीने चालतायत. मला वाटलं पुढे जातील. थांबले, गेले नाहीत. दहा पावलं पुढे जाऊन परत चौकट धरली, परत तेच गृहस्थ, परत डाव्या रेघेला. मी चक्क वैतागले. तिसऱ्या वेळी तर त्यांचं कोपर आत येत होतं आणि ते जाण्याची वाट बघत मी दोन चांगले हात वाजून जाऊ दिले.

मग पथक थांबलं, ढोल खाली टेकले, आणि ते गृहस्थ दोरीखालून वाकून आत गेले. बाटलीचं झाकण उघडून तिच्या तोंडाला लावली, कारण तिच्या हातांना धरता येत नव्हतं. ती पाणी पित होती आणि ते दुसऱ्या हाताने, म्हणजे चपला धरलेल्याच हाताने, तिच्या फेट्याचा सुटलेला शेव आत खोचायचा प्रयत्न करत होते. चपला तिच्या कानाला लागत होत्या. ती पाणी पितापिता हसली आणि थोडं पाणी ढोलावर सांडलं.

मी कॅमेरा थोडा वळवून रेघा सरकवल्या. तीन फोटो काढले फक्त. मध्ये एकाच्या वेळी हात थरथरला.

नंतर तेच माझ्याकडे आले. "ताई, पेपरकडून का?" म्हटलं नाही हो, माझे मीच काढते. मग नंबर दिला आणि म्हणाले तिचा वाजवतानाचा एखादा असेल तर पाठवा, आम्हाला मोबाइलवर नीट येत नाही, ती हलते. म्हटलं तुमच्या दोघांचा पण आहे, पाणी पाजतानाचा. तर म्हणाले, "माझा कशाला, घामाघूम झालोय. तिचाच पाठवा." आणि शिटी वाजली, ढोल उचलले गेले, ते परत दोरीबाहेर.

राम मारुती रोडवर तरुण मुलामुलींची इतकी गर्दी होती की तीन मीटर अंतरच उरलं नाही, कॅमेरा खांद्यावर टाकून नुसती चालत राहिले. नैवेद्याला वेळेत पोचले. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. दादाने विचारलं काय काय मिळालं तर मी त्याला काळे सातसुद्धा दाखवले.

आत्ता तासभर सगळे परत बघितले. गुढीवाले आजोबा बरोबर शार्प आलेत, पदरवाल्या काकूही छान. मुलीचा वाजवतानाचा एक चांगला आहे, गुलाल उडालेला आहे, हात जरा हललाय पण चालेल, तो मघाशी पाठवला. लगेच उत्तर आलं, "खूप छान ताई. तिला दाखवला. बोटं सुजलीत तिची, हळद लावलीय."

पाणी पाजतानाच्या तिनातला पहिला जमलाय. डाव्या कडेला कापडी पिशवीचा बंद कापला गेलाय, तसाच ठेवणार आहे. तो मोबाइलवर पाठवायचा नाही असं ठरवलंय. उद्या ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या लॅबमध्ये ८ बाय १२ चा प्रिंट टाकते. बोलता बोलता उथळसरला राहतो म्हणाले होते, फोन करून जाईन आणि हातात देईन. दोन काढते, एक आईकडे पण राहू दे.