छिद्र पाडण्यापूर्वीचा तास

नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या एका भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझ्या आतेभावाने 2008 साली विजेच्या दुरुस्तीचे काम सुरू केले, तेव्हा छतात दिवे बसवणे हा आमचा मुख्य व्यवसाय होईल असे आम्हा दोघांनाही वाटले नव्हते. पाण्याच्या मोटारी, जळालेले फ्यूज आणि गणपतीतली रोषणाई यांवर पहिली काही वर्षे निघाली. पुढे गंगापूर रोड आणि कॉलेज रोड भागातून राहत्या घरात कन्सील लाइट, म्हणजे छताच्या आत बसणारे दिवे, बसवून देण्याची विचारणा वाढू लागली.

ग्राहक मोबाइलवर चित्र दाखवतात आणि तसेच दिवे मागतात. आपल्याकडे मात्र छत म्हणजे काँक्रीटचा स्लॅब, आणि त्याच्या चार-पाच इंचांच्या जाडीत सळया आणि वायरिंगचे पाइप गेलेले असतात. त्यामुळे दिवा आत बसवायचा, तर स्लॅबखाली पीओपीचे किंवा जिप्समचे दुसरे छत असावेच लागते. सुरुवातीला आम्ही बसवत असलेल्या सीएफएलच्या फिटिंगला सात-आठ इंचांचे छिद्र आणि बरीच खोली लागे. एलईडी स्वस्त झाल्यावर पातळ पॅनेल इंचभर जागेतही बसू लागले. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाल्याच्या बातमीचे कात्रण आमच्या गाळ्यात अजून चिकटवलेले आहे, कारण आमच्या धंद्याची दिशा त्या शोधाने बदलली. जुनी मोठी छिद्रे मात्र मागे राहिली, आणि चार इंचांच्या नव्या दिव्यासाठी ती बुजवून घेण्यातच कधी कधी दिवसाचा निम्मा वेळ जातो.

आमच्या कामाची रीत ठरली ती इंदिरानगरमधल्या एका चुकीमुळे. दिवाणखान्यात सहा दिव्यांची आखणी आम्ही जमिनीवरून मोजून काटेकोर केली, पण वर जिप्सम ज्या लोखंडी पट्टीवर स्क्रूने कसलेले असते ती कुठून जाते हे पाहिले नाही. तिसऱ्या छिद्राच्या वेळी होल सॉ, म्हणजे गोल छिद्र कापणारे पाते, थेट त्या पट्टीत शिरला, ती निम्मी कापली गेली, आणि दोन दिवसांत सांध्यावर भेग दिसू लागली. तो भाग आम्ही स्वखर्चाने उघडून पुन्हा बांधून दिला. ग्राहकांनी एक शब्दही वाढवला नाही, याचीच मला अधिक लाज वाटली.

तेव्हापासून कापण्यापूर्वी आम्ही तासभर फक्त छत पाहतो. लोहचुंबक फिरवला की स्क्रूंची रांग लागते आणि त्यावरून पट्टी कळते. मग मुख्य स्विच बंद करून, दिव्याच्या जागी बोटभर भोक पाडून तारेने वरची खोली मोजतो, कारण सीओबी दिव्याला (एकाच तबकडीवर दाटीने एलईडी बसवलेला, पॅनेलपेक्षा खोल दिवा) तीन इंच मोकळी जागा नसेल तर त्याची मागची बाजू स्लॅबला टेकते आणि उष्णतेला वाट राहत नाही. पंख्याचा भार स्लॅबमधल्या हुकावरच आहे ना, हेही तेव्हाच पाहून घेतो. काही घरांत तो जिप्समच्या पट्टीलाच लटकवलेला आढळला आहे, आणि अशा ठिकाणी आम्ही दिव्यांचे काम बाजूला ठेवून आधी पंखा उतरवतो.

जुन्या घरांतले वायरिंग वेगळीच परीक्षा घेते. पंचवटीतल्या एका घरात बटण बंद केल्यावरही नवे दिवे रात्री मंद पेटत राहत, आणि आजींना ते अपशकुनी वाटे. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले होते, म्हणजे बंद असतानाही दिव्यापर्यंत वीज पोहोचत होती. पूर्वीच्या बल्बला तेवढ्याशा प्रवाहाने काही होत नव्हते, एलईडीला मात्र तो पुरतो. जोडणी बदलताच दिवे विझले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे बटण बंद करून दिव्याला हात लावणाऱ्याचा धोका टळला.

या पाहणीचे आम्ही वेगळे पैसे घेतो. काहींना ते खटकते, काही तिथेच निरोप घेतात. सिडकोतल्या बैठ्या घरांत उंची आधीच बेताची असते, तिथे दुसरे छत करून आणखी सहा इंच घालवू नका, स्लॅबलाच चिकटणारे पॅनेल लावा, असा सल्ला आम्ही देतो. त्यात आमची मिळकत निम्म्याहून कमी होते, हे आतेभाऊ अजूनही अधूनमधून ऐकवतो.

सध्या नाशिक रोडच्या एका वरच्या मजल्यावरचे काम आम्ही थांबवून ठेवले आहे. जिप्समवर पिवळसर डाग होता, आणि भोक पाडले तेव्हा आतल्या जुन्या वायरीवर पाण्याचे थेंब साचलेले दिसले. घरमालकांना दिवाळीपूर्वी दिवे हवे होते. आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या, असे त्यांना सांगून बारा दिव्यांची आगाऊ रक्कम आम्ही परत केली आहे.