तुम्ही विचारलंत म्हणून: ऊसतोड मजुरांना ‘जाऊ नका’ असं का सांगत नाही?

पुण्याहून प्रोजेक्टसाठी येणारी मुलं विचारतात, देणगीदार विचारतात, माझा मावसभाऊ तर दर दिवाळीत विचारतो. ‘ताई, फडावर पाणी द्या, संडास द्या म्हणून इतकी वर्षं भांडताय. त्यापेक्षा लोकांना ऊसतोडीला जाऊच नका, असं का नाही सांगत? सोयी मागून तुम्ही ही पद्धतच टिकवताय.’

सांगत होते की. बीड जिल्ह्यात शिरूर कासार, पाटोदा, आष्टीकडच्या वाड्या-वस्त्यांवर सभा घेऊन मी ‘कोयता खाली ठेवा’ म्हणायचे. टाळ्या पडायच्या. दसरा सरला की टाळ्या वाजवणारेच पोराबाळांसकट ट्रॅक्टरवर चढायचे आणि मला त्यांचा संताप यायचा. माझे आईवडील तोडीला जायचे, मी आजीजवळ राहून शिकले, म्हणून असं बोलायचा आपल्याला हक्क आहे असंही वाटायचं. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला विचारीन, सोयाबीन पावसानं नेलंय, दुकानदाराची उधारी थकलीय, लेकीचं लग्न ठरलंय आणि मजूर जमवणारा मुकादम दारात येऊन एकरकमी उचल, म्हणजे हंगामाची मजुरी आगाऊ देतोय. तू त्याच्या जागी काय देणार आहेस? पण तीही गप्प बसायची नाही. म्हणेल, उचल आहे म्हणूनच तर दरसाल पुन्हा जावं लागतं. तिचं खोटं नाही.

पाणी आणि संडास या किरकोळ मागण्या आहेत, हे मात्र मला कुणी सांगू नये. बीड जिल्ह्यात बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्याची बातमी फुटली, त्यावर सरकारनं २०१९ मध्ये समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा सगळे हळहळले, ‘यांना अक्कल नाही का?’ असंही विचारून गेले. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, दिवसभर उसात वाकायचं, पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून पांढरं जातंय तरी दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा बाईला कुणी म्हणालं, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल, तर ती काढते. आता जिल्ह्यात हे ऑपरेशन करायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. चांगलं झालं. पण फडावर आडोसा अजूनही लुगड्याचाच आहे.

माझं मत कुठं हललं, ते सांगते. एका जोडप्यातल्या नवऱ्याला जानेवारीत फडावर अपघात झाला. डोकी सेंटर होतं, म्हणजे मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. पहाटेच्या दवानं फळी निसरडी झाली होती. मोळीसकट तो खाली आला, मानेवर पडला. चार दिवस सरकारी दवाखान्यात होता, मग संपलं. कारखान्यानं सांगितलं, हा आमचा कामगार नाही, मुकादमाचा माणूस आहे. कुठल्याच रजिस्टरला त्याचं नाव नव्हतं. मयत गावी आणायला ट्रॅक्टरचं डिझेल टोळीनं वर्गणी काढून भरलं.

तेराव्यानंतर मुकादम हिशेबाला आला. मी मुद्दाम गेले होते, पिशवीत १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याची प्रत घेऊन. ओसरीत चटई टाकलेली, पाच-सहा माणसं, दारामागं मयताची बायको उभी. मुकादमानं वही उघडली. दीड लाख उचल, फिटलेले इतके, बाकी ऐंशी हजाराच्या वर. मी वही मागून घेतली. शेवटच्या पानावर खाडे मांडले होते. दवाखान्यातले चारही दिवस खाडा म्हणून धरले होते, त्याचे आणि त्याच्या उशाशी बसलेल्या तिचेही.

मी खूप बोलले. असं कर्ज कायद्यानं वसूलच करता येत नाही म्हणाले, पोलिसांत जाईन म्हणाले. मुकादम शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘ताई, तुमचा कायदा बरोबर हाय. पण कारखान्याच्या कागदावर सही माझी हाय. माझं तीन एकर त्यात हाय. मी कुणाकडं मागू?’ तो खोटं बोलत नव्हता. त्याचा राग करणं मला तेव्हापासून जड जातं, आणि तो जड जावा हे मला आवडत नाही.

तेवढ्यात ती दारामागून म्हणाली, ‘फुडल्या साली मी येते. अर्धा कोयता.’ नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटीचा तो अर्धा.

मी नको म्हणत होते. तिनं मला आत चुलीपाशी नेलं. ‘तुमी सांजच्याला गाडीत बसून जाताल. माजा दीर त्येच्याच टोळीत, माजा भाऊ त्येच्याच टोळीत. मला हितंच ऱ्हायचंय. तुमाला भांडायचं आसंल तर माज्यासाठी एवढं भांडा, मला फळीवर चढवू नका म्हणावं. आन् पोरगं संगं नगं, त्येला वस्तिगृहात टाका.’

बाहेर येऊन मी तेवढंच भांडले. चार दिवसांचे खाडे त्यानं माझ्यासमोर पेनानं खोडले, दोघांचे. फळीवर चढायचं नाही, खाली मोळ्या बांधायच्या, हे टोळीसमोर कबूल केलं. पोरगं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहिलं, शाळा बुडली नाही. ती दिवाळीनंतर गेली. बाकीचे पैसे तिनंच फेडले. नवऱ्याच्या जिवाचे पैसे कारखान्याकडून आजवर एक रुपया आलेले नाहीत.

मी काय मिळवलं? घरी येताना मला हरल्यासारखंच वाटत होतं. अजूनही काही रात्री वाटतं, कायद्याची प्रत पिशवीतून काढून मी खटला गुदरायला हवा होता, तिनं नको म्हटलं तरी. आणि सकाळी वाटतं, तिच्या गावात तिनं कसं राहावं हे ठरवणारी मी कोण?

‘दर वाढला की आता’, हेही ऐकते. वाढला. संघटनांनी कोयता बंद ठेवला, म्हणजे तोड थांबवली, मग जानेवारी २०२४ मध्ये तोडीचा टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ वर आला. जोडपं दिवसाला दोन टन तोडतं. म्हणजे सव्वासातशे-साडेसातशे, दोघांत, पहाटेपासून अंधारापर्यंत. तेही उचलीतून वजा. साखर खाणाऱ्यांना, कारखान्याच्या सभासदांना, संचालकांना ‘तुम्ही मजुरांचे मालक का होत नाही?’ असं विचारायला कुणी प्रोजेक्ट घेऊन जाताना मी पाहिलेलं नाही. सगळे प्रश्न फडावरच्या झोपडीतल्या बाईलाच.

आमच्याकडं काम करणारा एक पोरगा तुमचाच प्रश्न जास्त तिखटपणे विचारतो. त्याची आई अजून तोडीला जाते, त्यामुळं त्याला मी उडवून लावू शकत नाही. तो म्हणतो, ताई, आपण फळीला आडव्या पट्ट्या ठोकून घेतोय, फळी तशीच राहतेय. मी म्हणते, यंदा त्या फळीवर कुणाचा तरी पाय पडणारच आहे. तो म्हणतो, पुढच्या वर्षीही पडेल. इथवर येऊन आमचं भांडण थांबतं, कारण दसऱ्याआधी ग्रामसेवकांकडून दाखले घेऊन ऊसतोड मजुरांच्या ओळखपत्रांचे फॉर्म भरून घ्यायचे असतात. निदान एका तरी रजिस्टरला नाव लागावं म्हणून. गाडी तोच चालवतो, आणि वाटेत पुन्हा सुरू होतो.